खोली, ॲडव्हान्स आणि भीड

मे महिना लागला की मराठवाड्यातली माणसे पाण्याच्या दिशेने निघतात. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या आणि आसपासच्या गावांतल्या कुटुंबांना तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर ही नावे नुसती ऐकली तरी गार वाटते. आणि खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या खोलीचे छायाचित्र मोबाइलवर आले, की त्याखाली काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच घरातली निम्मी मते पडलेली असतात. सुट्टीसाठी ऑनलाइन खोली ठरवताना होणाऱ्या फसवणुकीबद्दल लिहायचे तर सुरुवात या अधीरतेपासून करावी लागते, कारण फसवणारा तिच्यावरच भांडवल उभे करतो.

खोली ठरवण्याची आपली जुनी रीत ओळखीची होती. कुणाचा तरी मावसभाऊ रत्नागिरीला बँकेत असे, त्याला फोन जाई आणि तो एखाद्या घरगुती लॉजवर शब्द टाकी. तुळजापूरला आजोबा ज्या पुजाऱ्यांकडे उतरत, त्यांच्याच घरी नातू उतरे आणि पैशांचे बोलणे निघताना होई. या व्यवहारात पुराव्याची मागणी करणे हा समोरच्याचा अपमान समजला जाई. फोनवर माणूस नीट बोलतो आहे, ‘साहेब’, ‘काका’ म्हणतो आहे, एवढ्यावर गाडी भरून माणसे निघत आणि बहुतेक वेळा त्यांचे काही बिघडतही नसे. आता पुजाऱ्यांच्या ओसरीची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे, पण विश्वास ठेवण्याची रीत मात्र आपण जशीच्या तशी तिकडे नेली आहे.

खोलीच्या नावाने पैसे गेलेल्या माणसाला आपल्याकडे एक तर लोभी ठरवतात, नाही तर अडाणी. ‘स्वस्ताच्या नादी लागला’ हे वाक्य तयारच असते. मी ऐकलेल्या प्रकारांत स्वस्ताई क्वचितच होती आणि माणसे चांगली शिकलेली होती. त्यांना नडली ती भीड. समोरचा इतका अदबीने बोलत असताना त्याला ‘आधी तुमची खात्री पटवा’ असे कसे म्हणायचे, या संकोचात पैसे गेले. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपण पूर्वापार म्हणत आलो आहोत, पण ती मोबाइलवरही लागू पडते हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा प्रसंग सांगतो. गुरुजींनी मुलगा, सून आणि नातवंडांसाठी तारकर्लीच्या एका छोट्या निवासात दोन खोल्या एका मोठ्या बुकिंग ॲपवरून घेतल्या होत्या. आरक्षण खरे होते, निवासही खरा होता. निघण्याच्या चार दिवस आधी त्यांना त्याच ॲपच्या संदेशपेटीत, आधीच्या खऱ्या संभाषणाच्या खालीच, एक नवा मजकूर आला. त्यांनी तो मला दाखवला आणि मी तो त्यांच्या ओट्यावर बसून सावकाश वाचला. ‘आदरणीय पाहुणे, आपल्या आरक्षणासाठी वापरलेल्या कार्डाची पडताळणी पूर्ण होऊ शकलेली नाही. येत्या बारा तासांत खालील लिंकवरून पडताळणी न केल्यास आरक्षण आपोआप रद्द होईल. आपली रक्कम कापली जाणार नाही, ती केवळ तात्पुरती राखून ठेवली जाईल.’ त्याखाली गुरुजींचे पूर्ण नाव होते, तारखा होत्या, खोल्यांची संख्या होती आणि भाड्याचा आकडा रुपयापर्यंत बरोबर होता. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. पूर्वी अशा संदेशांची मराठी वाचली की हसू येई आणि तेच आपले संरक्षण होते. आता यंत्रेच नीटनेटकी मराठी लिहून देतात, त्यामुळे तो आधार राहिलेला नाही.

मी म्हणालो, “गुरुजी, लिंक दाबू नका, आधी त्या निवासाला फोन लावा.” गुरुजी अवघडले. “अरे, त्यांचाच तर मेसेज आहे. आता फोन करून विचारलं तर त्यांना वाटंल, मास्तर आपल्यावर संशय घ्यायलाय. आणि बारा तासांतले आठ तर गेलेच की.” या दोन वाक्यांत सगळा कारभार आला. संदेश लिहिणाऱ्याला गुरुजींचा स्वभाव ठाऊक नव्हता, पण घड्याळ लावून दिले की भिडस्त माणूस प्रश्न गिळतो आणि पैसे भरतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

हा संदेश खऱ्या ॲपमध्ये शिरला कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक वेळा त्यासाठी ॲप फोडावे लागत नाही. निवासचालकाचे खाते हाती आले तरी पुरते. बुकिंग डॉट कॉम या कंपनीच्या बाबतीत असा एक प्रकार अधिकृत नोंदीत आहे. २०१८ च्या अखेरीस संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना फोनवर बोलण्यात गुंगवून ठगांनी त्यांच्याकडून खात्यांचे लॉगिन आणि पासवर्ड काढून घेतले आणि ४,१०९ ग्राहकांच्या माहितीपर्यंत ते पोहोचले. ही गोष्ट वेळेत न कळवल्याबद्दल नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला ४,७५,००० युरोंचा दंड केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पाहुण्याच्या आधी हॉटेलच्या काउंटरवरचा कर्मचारी फसतो, आणि त्याचेही कारण बहुधा तेच असते: पलीकडचा माणूस कंपनीचा म्हणवतो आहे, त्याला उलट प्रश्न कसा विचारायचा?

अलीकडे याचे तंत्र आणखी पुढे गेले आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या इशाऱ्यानुसार, बुकिंग डॉट कॉमच्याच नावाने हॉटेलांना ईमेल पाठवले जात होते. पाहुण्याने वाईट अभिप्राय दिला आहे किंवा खात्याची पडताळणी करायची आहे, असे काहीतरी त्यांत असे. लिंक उघडली की ‘मी यंत्रमानव नाही’ असे सिद्ध करायला सांगणारी खोटी चौकट येई आणि त्यासाठी संगणकावर दोन-तीन कळा दाबून एक ओळ चिकटवायला सांगितले जाई. ती ओळ म्हणजे पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवून घेण्याची आज्ञा असे. हंगामाच्या गर्दीत वाईट अभिप्रायाच्या भीतीने कोणता व्यवस्थापक ती लिंक उघडणार नाही? एकदा खाते हाती आले की पुढची प्रत्येक ओळ खऱ्या नावाने, खऱ्या जागेवरून जाते. म्हणून ‘मेसेज ॲपमध्येच आला होता’ ही खात्री आता अपुरी आहे. संदेश कुठून आला यापेक्षा तो आपल्याला कुठे नेतो आहे, हे पाहावे लागते.

ते पाहायचे तर लिंक वाचता आली पाहिजे, आणि हे जमायला संगणकशास्त्र लागत नाही. पोस्टाच्या पत्त्यावर गल्लीचे नाव कितीही भारदस्त असले तरी पत्र कुठे जाणार हे शेवटच्या तालुका-जिल्ह्यावरून ठरते. वेबपत्त्याचेही तसेच असते. सुरुवातीचा ‘एचटीटीपीएस’चा भाग सोडून द्यावा, त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबावे आणि तिथून मागे वाचावे. रेघेच्या लगत अलीकडे जे दोन तुकडे टिंबाने जोडलेले असतात (शेवट ‘को डॉट इन’ किंवा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असेल तर तीन), तो त्या पत्त्याचा खरा धनी. त्याआधी कंपनीचे नाव, ‘सिक्युअर’, ‘गेस्ट’, ‘व्हेरिफाय’ असे कितीही शब्द घातलेले असोत, ते कुणालाही घालता येतात. गुरुजींच्या लिंकमध्ये कंपनीचे नाव अगदी आरंभी होते आणि रेघेच्या आधी भलताच, कधी न ऐकलेला पत्ता होता. अर्थात रेघसुद्धा नीट पाहावी लागते: ऑगस्ट २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकारात तिरक्या रेघेसारखे दिसणारे एक जपानी अक्षर पत्त्यात बसवले होते, त्यामुळे वाचणाऱ्याला खरा पत्ता संपल्यासारखा वाटे आणि धनी पुढे लपलेला राही. ज्यांची नजर आता बारीक अक्षरांवर ठरत नाही, त्यांनी लिंक अजिबात न दाबता ॲप बंद करून स्वतः पुन्हा उघडावे आणि ‘माझी आरक्षणे’ या पानावर पैसे बाकी दिसतात का ते पाहावे. बाकी नसतील, तर कुणी मागायचे कारणच नाही.

गुरुजींनी अखेर फोन लावला, तोही संदेशातल्या क्रमांकावर नव्हे, तर महिन्याभरापूर्वी आलेल्या आरक्षणाच्या ईमेलमधल्या क्रमांकावर. पलीकडच्या बाईंना काही कल्पनाच नव्हती. आपण असा संदेश पाठवलेला नाही, एवढे त्या म्हणाल्या आणि क्षणभर गप्प झाल्या. त्या फोनचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

दुसरा प्रकार खोटी जागा उभी करण्याचा. यात्रेला जाणारे लोक याचे पहिले गिऱ्हाईक. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये खास भाविक आणि पर्यटकांसाठी सूचना काढली होती. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामच्या भाविकांसाठी निवास, टॅक्सी आणि सहली यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे, फेसबुक पाने आणि गुगलवरच्या पैसे देऊन लावलेल्या जाहिराती चालतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सोमनाथ ट्रस्टची निवासव्यवस्था ट्रस्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, असेही त्यात नमूद होते. आपल्याकडून चारधामला किंवा सोमनाथ-द्वारकेला जाणारे बहुतेक गट ज्येष्ठांचे असतात आणि त्यांच्यातला एखादा मोबाइल जाणणारा ‘भक्तनिवास बुकिंग’ असे टाइप करून जे पहिले येईल ते उघडतो. पहिली येते ती अनेकदा जाहिरात. तिच्यावर ‘प्रायोजित’ असे लहान अक्षरांत लिहिलेले असते, पण देवस्थानच्या कळसाचे छायाचित्र त्याहून कितीतरी मोठे असते. देवाच्या दारी शंका कशी घ्यावी, ही भिडेची आणखी एक तऱ्हा.

नकाशावर दिसणारा फोन क्रमांकही गृहीत धरू नये. नकाशातली माहिती सुधारण्याची सोय सर्वसामान्यांना खुली असते आणि तिचा गैरवापर नवा नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे क्रमांक गुगल मॅप्सवर असेच बदलले गेल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. बँकेच्या शाखेचे हे होऊ शकते, तर समुद्रकाठच्या चार खोल्यांच्या निवासाचे काय घेऊन बसलात! छायाचित्राची परीक्षा मात्र सोपी आहे. ते गुगल लेन्सने शोधले की ‘मालवणची’ खोली कधी केरळात, तर कधी थेट परदेशात निघते.

आता पैशांची वाट. माणूस आवाज बदलू शकतो, छायाचित्र उसने आणू शकतो, पण पैसा शेवटी कुठल्या तरी बँक खात्यात उतरतो आणि ते लपवणे अवघड असते. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नियमानुसार ३० जून २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याला समोरच्याचे बँकेत नोंदलेले नावच दिसले पाहिजे. त्याने स्वतः घेतलेले टोपणनाव किंवा क्यूआर कोडमध्ये भरलेले नाव चालत नाही. म्हणजे पिन टाकण्याआधीच्या त्या एका पडद्यावर फार मोलाची माहिती असते आणि आपण नेमके तिथेच घाई करतो. बोलणे मालवणच्या एखाद्या ‘सागर’ नावाच्या निवासाशी चाललेले असावे आणि पडद्यावर दूरच्या प्रांतातल्या भलत्याच व्यक्तीचे नाव यावे, तर विचारायला हवे. ‘तो आमचा अकाउंटंट आहे’ हे उत्तर आले, तर पैसे पाठवू नयेत.

कुणी पावती पाठवली तर तिच्यावरचा जीएसटी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात; महाराष्ट्राचे २७. कोकणातल्या निवासाच्या पावतीवर दुसऱ्या राज्याचा आकडा असेल तर ती कुठून तरी उचलली असण्याची शक्यता मोठी, आणि २७ असला तरी जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून कुणाच्या नावावर आहे हे फुकट पाहता येते. मात्र क्रमांक नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या निवासचालकाला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि कोकणातली पुष्कळ चांगली घरे याच गटात मोडतात.

इथे खरी अडचण उभी राहते. प्रामाणिक छोटा निवासचालक आणि ठग मोबाइलवर जवळपास सारखेच दिसतात. दोघांकडेही चकचकीत संकेतस्थळ नसते, दोघेही व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, दोघेही स्वतःच्या यूपीआयवर ॲडव्हान्स मागतात. माझे दाजी वेरूळला अशाच थोड्या खोल्या चालवतात, त्यामुळे ही बाजूही मी जवळून पाहतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या गर्दीमुळे त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्यांनाही फसवायला लोक टपलेले असतात.

एकदा मी तिथे असतानाच त्यांना एक फोन आला. “जय हिंद” म्हणून सुरुवात झाली. आपण सैन्यात अधिकारी आहोत, आपल्या तुकडीतल्या कुटुंबांना लेणी पाहायची आहेत, सगळ्या खोल्या हव्यात, भाव करायचा नाही. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आले. मग तो म्हणाला, की सैन्याच्या खात्यातून पैसे देण्याची पद्धत वेगळी असते, आधी तुम्ही हा कोड स्कॅन करून एक रुपया पाठवा, मग पूर्ण रक्कम येईल. गणवेशापुढे दाजीही जरा दबून बोलत होते. त्यांनी तारीख विचारली आणि नेमका तिथे तो अडकला. “म्या म्हणलं, साहेब, मंगळवार हाय तो. मंगळवारी लेणी बंद राहतेत. तुमच्या मानसायला काय दाखवू?” दाजी फोन ठेवल्यावर हसत सांगत होते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते हे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. सगळ्या खोल्या घ्यायला निघालेल्या माणसाने ते पाहिलेले नव्हते. वेळ मारून न्यायला त्याने तारीख बदलली, पण तोवर दाजींची भीड चेपली होती.

पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करायचाच असतो तो पैसे देण्यासाठी. एवढे ज्याला पक्के माहीत आहे, त्याच्यावर हा प्रयोग चालत नाही. पूर्वी असे लोक यूपीआयवर पैशांची मागणी पाठवून ती मंजूर करायला लावत. दोन व्यक्तींमधली ही मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. त्यामुळे आता सगळा भर कोडवर, मोबाइलचा पडदा दाखवायला लावणाऱ्या ॲपवर आणि ‘बुकिंग स्लिप’ या नावाने येणाऱ्या एपीके फाइलवर आहे. आरक्षणाची पावती चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचा प्रोग्रॅम. पावतीच्या नावाने आलेला प्रोग्रॅम उघडू नये.

दाजींनी आपल्या परीने यावर तोड काढली आहे. त्यांनी पर्यटन संचालनालयाच्या ‘निवास व न्याहरी’ योजनेत नोंदणी केली आणि ते प्रमाणपत्र ते विचारण्याआधीच पाठवतात. ॲडव्हान्स एका रात्रीच्या भाड्यापुरताच घेतात, बाकी पैसे खोली पाहिल्यावर. कुणी म्हटले तर व्हिडिओ कॉल लावून खोलीतून बाहेर रस्त्यापर्यंत चालत जातात. ताई सुरुवातीला चिडायची, “आपन काय चोर हाव का?” असे तिचे म्हणणे. आता तीच मोबाइल घेऊन अंगणात उभी राहते. माझ्या मते पाहुण्यांनी एवढे निःसंकोच मागावे. खऱ्या निवासचालकाला व्हिडिओ कॉलला दोन मिनिटे लागतात. खोट्याला नेटवर्कची अडचण येते, मॅनेजर बाहेर गेलेला असतो किंवा ‘दुसरी पार्टी थांबली आहे’ असे ऐकवले जाते.

गुरुजींच्या फोननंतर तारकर्लीच्या त्या बाईंनी आधी खात्याचा पासवर्ड बदलला आणि मग त्या आठवड्यात येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना एकेक करून फोन केले. संदेश सगळ्यांनाच गेला होता. नांदेडच्या एका पाहुण्यांनी आदल्या रात्रीच लिंकवर कार्डाचा तपशील आणि ओटीपी भरला होता आणि खात्यातून भाड्याच्या कितीतरी पट रक्कम गेली होती. शंका त्यांनाही आली होती. रात्रीचे अकरा वाजलेले, एवढ्या उशिरा बाईमाणसाला कसा फोन करायचा, म्हणून त्यांनी तो केला नाही.

त्यांच्या नुकसानीत दुसरी भर उशिराने पडली. पैसे गेल्याचे कळल्यावर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, कारण २०२१ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था बँकांना एकमेकींशी जोडून, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच अडवण्याचा प्रयत्न करते. जितका वेळ जातो तितकी खाती वाढतात आणि शेवटी तो एटीएममधून रोख निघतो. बँकेलाही त्याच वेळी कळवावे लागते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ग्राहकाने स्वतःच गोपनीय तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, आणि कळवल्यानंतर जाईल ते बँकेचे. म्हणजे अशा प्रकरणात प्रत्येक तासाचा हिशेब लागतो. नांदेडच्या गृहस्थांनी पूर्ण दिवस घरातच काढला. मुलाला सांगितले तर तो काय म्हणेल, शेजारी हसतील, बँकेतला ओळखीचा कॅशियर गावभर करील, या विचारात संध्याकाळ झाली. त्यांना १९३० हा क्रमांक सांगितला तो तारकर्लीच्या बाईंनी, तोही दुसऱ्यांदा फोन केल्यावर. पहिल्या फोनवर त्यांनी ‘नाही, आम्ही काही भरलं नाही’ असेच सांगितले होते.